मुलाचा अंगठा निखळला तर काय करायचं, आणि आधी काय अजिबात करायचं नाही

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. अंगठा ओढू नका. कुणालाही ओढू देऊ नका, मग तो कितीही अनुभवी माणूस असो.

मी कबड्डी शिकवतो, पोरं दहा ते पंधरा वयाची. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका पोराचा हात पकडीत मागं वाकला आणि अंगठा बुडातून वर उभा राहिला, तिथं बघायला आलेल्या एका काकांनी "अरे काही नाही, सांधा उखळलाय, आत्ता बसवतो" म्हणून दोनदा जोरात खेचला. मी शेजारीच उभा होतो आणि थांबवलं नाही. अंगठा बराचसा सरळ दिसायला लागला, सगळ्यांना वाटलं बसला. रात्री एक्स-रे काढला तर सांधा बाहेरच होता, आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं.

असं का होतं ते डॉक्टरांनी मला नीट समजावलं. अंगठा तळहाताला मिळतो त्या सांध्याच्या पुढच्या बाजूला एक जाड पट्टी असते, अंगठा मागं फार वाकला की ती फाटते आणि हाड वर सरकतं. आता तुम्ही अंगठा खेचला की दोन हाडांमध्ये फट पडते आणि फाटलेली पट्टी त्या फटीत ओढली जाते, दारात पडदा अडकावा तशी, मग दार काही लागत नाही. म्हणजे साधेपणानं बसला असता असा अंगठा खेचल्यामुळं ऑपरेशनवर जातो. लहान मुलांच्या हातात निखळणाऱ्या सांध्यांमध्ये हाच सांधा सगळ्यात जास्त निखळतो, म्हणून हे घरात प्रत्येकाला माहीत पाहिजे.

बरं, आता क्रमानं.

पहिलं काम, हातातलं सगळं काढा. अंगठी, कडं, बांगडी, मनगटावरचा काळा दोरा, राखी, घड्याळ. सूज भराभर चढते आणि नंतर तेच काचतं. दोरा कापायला लागला तर कापा, मनात आणू नका.

मग नुसतं बघा, हात न लावता. अंगठ्याचं नख निळं-पांढरं पडलंय का? नख हळूच दाबून सोडलं की साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. टोकाला बधिर वाटतं का ते पोराला विचारा. कातडी फाटली असेल, हाड दिसत असेल, तर स्वच्छ कापड ठेवा आणि थेट निघा, 108 ला फोन करा नाहीतर जी गाडी असेल ती. त्यावर हळद वगैरे काही भरायचं नाही. नख पांढरं राहिलं किंवा बधिरपणा असला तरी असंच, वेळ घालवायचा नाही.

तिसरं, आहे त्या अवस्थेत बांधा. सरळ करायचा प्रयत्न नको. तळहातात रुमालाची गुंडाळी द्या, चेंडू धरल्यासारखी, आणि मनगटापासून बँडेज सैल गुंडाळा, अंगठ्याचं टोक उघडं राहू द्या म्हणजे रंग दिसत राहतो. मग ओढणीची झोळी करून हात छातीपाशी, कोपरापेक्षा जरा वर. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही. तेल लावून चोळणं, शेकणं, आंबेहळदीचा लेप घट्ट बांधणं हे सगळं आत्ता नको. आज्जी ऐकणार नाही, तिला प्रेमानं पण ठामपणे सांगा.

चौथं, खायला-प्यायला देऊ नका. पोरगं रडतंय म्हणून आपण बिस्कीट, दूध देतो, पण सांधा बसवताना गुंगीचं औषध किंवा भूल लागू शकते, आणि त्यासाठी पोट रिकामं लागतं, जेवणानंतर साधारण सहा तास. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा, तिथं विचारतातच. दवाखाना जवळ असेल तर दुखण्याचं औषध तिथंच देऊ दे. लांब असेल तर डॉक्टरांना फोन करून पॅरासिटामॉल, एका वेळेला किलोमागं 15 मिलीग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या पोराला 300. पण बाटली वाचा, 5 मिलीत 120 वालं पण सिरप असतं आणि 250 वालं पण, चमचा तोच आणि डोस दुप्पट अशी चूक इथंच होते. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

कुठं जायचं? हाडांचे डॉक्टर आणि एक्स-रे दोन्ही असतील तिथं, त्याच दिवशी. हाडवैद्याकडं नको. रागानं म्हणत नाही, पण एक्स-रेशिवाय कळतच नाही की सांधाच निखळलाय की हाडाच्या बुडाची वाढीची चकतीही, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ भाग, तुटलीय. मुलांमध्ये ही चकती नाजूक असते, सांध्याचे बंध टिकतात आणि चकती तुटते. एक्स-रे समोरून आणि बाजूनं असे दोन्ही घेतलेत ना हे विचारा. आणि एक फसवी गोष्ट, अंगठा काटकोनात उभा दिसला की आपण घाबरतो पण तो बहुतेकदा सोपा असतो, उलट जवळजवळ सरळ दिसतोय आणि तळहाताच्या बाजूला बुडाशी कातडीत खळगा पडलाय, तर पट्टी आत अडकलेली असू शकते.

डॉक्टर बसवतात ते खेचून नाही, सुन्न करून मनगट आणि अंगठ्याचं टोक वाकवतात म्हणजे स्नायूची दोरी ढिली पडते, आणि हाडाचं बूड मागून पुढं ढकलतात. एक-दोन प्रयत्नांत नाही बसला तर ऑपरेशन सांगतील, तेव्हा "अजून जोर लावून बघा ना" असा आग्रह धरू नका. बसवल्यावर परत एक्स-रे. मग साधारण तीन आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट. उशीर मात्र नको, दोन-तीन आठवडे सांधा बाहेर राहिला तर उघडल्याशिवाय बसणं अवघड होतं.

प्लास्टरमध्ये बोटं निळी पडली, बधिर झाली, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर रात्र असली तरी जा. आंघोळीला वरून पिशवी बांधा, खाजवायला आत पट्टी-पेन्सिल घालू देऊ नका.

प्लास्टर निघाल्यावर अंगठा आखडलेला असतो, घाबरू नका, मुलांचा लवकर मोकळा होतो. कणकेचा गोळा दाबायला द्या, चित्रं काढू द्या, पण जोर लावून वाकवणं आणि मालिश नाही. कबड्डी, विकेटकीपिंग हे मी दुखापतीनंतर निदान सहा आठवडे तरी बंद ठेवतो, आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आणि दोन्ही हातांची पकड सारखी वाटल्यावरच.

अजून एक, एक-दोन वर्षांच्या बाळाचा अंगठा टोकाच्या सांध्यात वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही, बुडाशी बारीक गाठ लागते आणि बाळ रडतही नाही, तर तो बहुतेकदा निखळलेला नसतो, स्नायूची दोरी जाड होऊन अडकलेली असते. तिथं रात्रीतून पळायची गरज नाही, वेळ घेऊन डॉक्टरांना दाखवा. पण तोही ओढून सरळ करू नका.