निविदेतली अट आपल्याला बाहेर ठेवत असेल, तर लेखी शंका कशी मांडावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लहान कारखानदाराला सरकारी पुरवठ्याचे काम मिळत नाही, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा दर नसतो. निविदेतली एखादी अट त्याला दराचा लिफाफा उघडण्याआधीच बाद करते. उद्यम नोंदणी, 29 ने सुरू होणारा कर्नाटकचा जीएसटी क्रमांक, पॅन आणि डिजिटल सही तुमच्याकडे आहे, असे धरून चालतो. मात्र या सर्वांवर फर्मचे नाव अक्षरशः एकच असावे.

प्रथम खरेदीदार ओळखावा. महानगरपालिका, जिल्हा पंचायत आणि राज्याची खाती 1999 च्या कर्नाटक सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याखाली राज्याच्या पोर्टलवर निविदा काढतात. केंद्राची कार्यालये मुख्यतः जेम (GeM) या केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर खरेदी करतात. ‘लघुउद्योगाला बयाणा रक्कम माफ असते’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदी आणि बयाण्याची माफी देणारा 2012 चा आदेश केंद्रीय खाती व केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. राज्याच्या निविदेत माफी स्पष्ट लिहिलेली नसेल, तर बयाणा भरावाच.

खरा अवघड टप्पा पुढचा आहे, आणि मी स्वतः त्यात दोनदा ठेचकाळलो आहे. आमच्या फाउंड्रीत बिडाची मॅनहोल झाकणे ओततात. एका कार्यालयाच्या निविदेत मागील तीन वर्षांत एकाच सरकारी आदेशाखाली ठरावीक संख्येने झाकणे पुरवल्याचा दाखला मागितला होता. तेवढा माल आम्ही दिला होता, पण चार लहान आदेशांत. मी कार्यालयात जाऊन तोंडी विचारले, ‘भरा, बघू’ असे उत्तर मिळाले, म्हणून भरले आणि तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दराआधी होणाऱ्या पात्रतेच्या कागदांच्या तपासणीतच, बाद झालो. तोंडी उत्तराला काडीची किंमत नसते. दुसऱ्यांदा शंका लेखी पाठवली, पण मुदतीनंतर, त्यामुळे तिचे उत्तरच आले नाही.

म्हणून निविदा उघडताच शंका पाठवण्याची शेवटची तारीख आणि निविदापूर्व बैठकीचा दिवस आधी लिहून ठेवावा. मग पात्रतेच्या अटी एका बैठकीत, हातात पेन घेऊन वाचाव्यात. जी अट मालाच्या दर्जाशी संबंध नसताना तुम्हाला अडवते, तिच्यावर एक स्वतंत्र शंका लिहावी. त्यात अटीचा क्रमांक, तिचे मूळ शब्द, ती सक्षम पुरवठादाराला का वगळते याचे एक वाक्य आणि तुम्ही सुचवत असलेली पर्यायी शब्दरचना, एवढेच असावे. माझी पुढची शंका अशी होती: ‘अट 4.2 मध्ये ‘एकाच आदेशाखाली’ याऐवजी ‘एक किंवा अधिक आदेशांखाली मिळून’ असे करावे. झाकणांचा दर्जा आयएस 1726 या भारतीय मानकानुसार तपासणी अहवालाने सिद्ध होईल.’ ती मान्य झाली. एखाद्याच ब्रँडचे नाव मागितले असेल, तर ‘किंवा समतुल्य’ हे शब्द घालण्याची मागणी करावी.

शंका कन्नडमध्ये लिहून घ्यावी आणि सोबत इंग्रजी प्रत जोडावी. मराठीत कागद मिळण्याचा आपला आग्रह मला मनापासून पटतो, तो भाषिक अल्पसंख्याकांचा हक्क म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात जरूर मांडावा. पण तो या पत्रात मिसळला, तर मूळ मुद्द्यावर उत्तर न देण्याची सबब आपणच देतो. तसेच ‘तिद्दुपडी’ हा शब्द ओळखायला शिकावा. दुरुस्तीपत्रक याच नावाने येते, आणि मान्य झालेली शंका त्यातच दिसते. निविदा भरण्याच्या आदल्या रात्री पोर्टलवर ते पुन्हा पाहावे.

दर भरणे आणि कागद चढवणे ही कामे शेवटच्या तासावर ठेवू नयेत.

एवढे करूनही अन्यायाने बाद झालात, तर कारण लेखी मागावे. निविदा स्वीकृतीच्या आदेशाविरुद्ध राज्याच्या कायद्याच्या कलम 16 खाली आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते, आणि तेथे तुमच्या वेळेत पाठवलेल्या शंकेची पोच सर्वांत जास्त उपयोगी पडते. म्हणून ती छापून, तारखेसह फाइलला लावून ठेवावी.