लंडनला निघालेल्या पोरांनो, गाडीची घाई करू नका

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी सोलापूरला आलोय. परवा नवी पेठेतून मधल्या मारुतीकडे जाताना रिक्षा अर्धा तास जागची हलली नाही. एका बाजूला हातगाड्या, दुसऱ्या बाजूला कुणीतरी चारचाकी लावून दुकानात गेलेलं, मधून टू-व्हीलर घुसतायत. शेजारी माझा भाचा बसला होता. पुढच्या महिन्यात तो नोकरीसाठी लंडनला येतोय. म्हणाला, "मामा, तिकडं पोचलो की पहिली सेकंडहँड गाडी घेणार." आपल्या भागातली आणखी दोन-तीन पोरं यंदा निघालीत, म्हणून त्याला जे सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहितो.

पहिलं वर्ष गाडी घेऊ नका. आपल्या लायसनवर तिथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, त्यामुळे घ्यावीशी वाटतेच. पण लंडनच्या मधल्या भागात गाडी नेली की पैसे पडतात. त्याला कन्जेशन चार्ज म्हणतात. २ जानेवारी २०२६ पासून तो दिवसाला १८ पौंड झालाय. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवारी दुपारी १२ ते ६. दिवसातून कितीही वेळा आत-बाहेर करा, पैसे एकदाच. इलेक्ट्रिक गाडीला पूर्ण माफी होती, तीही आता गेली. ऑटो पेवर, म्हणजे पैसे आपोआप कापून घ्यायच्या सोयीवर, नोंद असेल तर अशा गाडीला थोडी सूट मिळते, एवढंच. शिवाय जुनी, जास्त धूर सोडणारी गाडी असेल तर दिवसाला १२.५० पौंड वेगळे, आणि ते ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनभर. स्वस्तात मिळालेली जुनी डिझेल गाडी तिथे फार महागात पडते. घेण्याआधी तिचा नंबर टाकून सरकारी साइटवर तपासा.

टोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सावळेश्वरचा नाका येतो. रांग, दांडी, खिडकी. तिथे यातलं काहीच नाही. रस्त्यावर लाल गोलात पांढरा इंग्रजी 'सी' रंगवलेला असतो आणि वर खांबावर कॅमेरा. मी नवा होतो तेव्हा आई-बाबा आले होते. मित्राची गाडी मागून घेतली आणि गुरुवारी दुपारी त्यांना बिग बेन दाखवायला नेलं. कुणी अडवलं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. दोन आठवड्यांनी मित्राच्या घरी पाकीट आलं. आत नंबर प्लेटचा फोटो, तारीख, वेळ आणि दंडाचा आकडा. कॅमेरा फक्त नंबर वाचतो, म्हणून नोटीस गाडी ज्याच्या नावावर त्याला जाते. दंड मी भरला, पण वहिनींनी चहाचा कप बाजूला सारून तो कागद माझ्यासमोर ठेवला, तो क्षण अजून विसरलो नाही. म्हणून सांगतो, दुसऱ्याची गाडी मागून घेतली तर पैसे त्याच रात्री बाराच्या आत भरा. नंतरच्या तीन दिवसांत भरले तर २१ पौंड. तेही चुकलं तर १८० पौंड दंड, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. पाकीट न फोडता ठेवून दिलंत तर २७० होतो.

तेव्हा मला वाटायचं, ही निव्वळ लूट आहे. आज वाटत नाही. १७ फेब्रुवारी २००३ ला केन लिव्हिंगस्टन महापौर असताना हा चार्ज सुरू झाला, तेव्हा पाच पौंड होता. त्या भागात शिरणाऱ्या गाड्या साधारण १८ टक्क्यांनी कमी झाल्या, खोळंबा जवळपास ३० टक्क्यांनी. पुढे काही वर्षांत गर्दी परत वाढली, हे खरं आहे. पाण्याच्या जुन्या पाइपांसाठी रस्ते खणले, काही जागा बसला आणि पायी चालणाऱ्यांना दिली, आणि अॅपवरच्या टॅक्सींना एप्रिल २०१९ पर्यंत माफी होती. त्यावर बोट ठेवून लोक म्हणतात, उपयोग काय झाला?

त्यांना मी स्वीडनच्या राजधानीचं, स्टॉकहोमचं सांगतो. तिथे जानेवारी ते जुलै २००६ नुसता प्रयोग म्हणून पैसे घेतले. वाहतूक सुमारे एक पंचमांश कमी झाली. जुलैअखेर प्रयोग थांबला आणि गाड्या परत आल्या. ते डोळ्यांनी पाहिल्यावर सप्टेंबरच्या मतदानात शहरातल्या लोकांनीच कौल दिला, की चार्ज हवा. २००७ च्या ऑगस्टपासून तो कायमचा झाला. आधी बहुतेकांचा विरोध होता, आपल्यासारखाच.

भाच्यानं विचारलं, "मग नवी पेठेत लावला तर?" लंडनचा नियम उचलून इथे आणला तर काही होणार नाही. तिथे टू-व्हीलरला माफी आहे, आणि आपल्याकडे गर्दी टू-व्हीलरचीच. दुसरं म्हणजे, तिथे पहिल्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. गाडी घरी ठेवणाऱ्याला दहा मिनिटांत बस मिळायला हवी, नाहीतर तो पैसे भरेल आणि शिव्या देईल. मला विचाराल तर इथे आधी रस्त्यावर फुकट गाडी लावणं बंद करावं आणि ते पैसे सिटी बसला द्यावेत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला हेच रस्ते मोकळे होतात आणि म्हातारी माणसंही निवांत चालतात. माझं गाव रोज असं दिसावं असं फार वाटतं.

तर पहिलं वर्ष बस. तिकीट १.७५ पौंड, आणि पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. रोख घेत नाहीत. बँकेचं कार्ड खिशात हवं. अॅपवरची टॅक्सी चालवायचं मनात असेल तर १८ पौंड रोजच्या खर्चात धरूनच हिशेब मांडा आणि ऑटो पेला नंबर घाला, म्हणजे विसरायची भानगड नाही. गाडीसाठी साठवलेले पैसे भाच्याला खोलीच्या डिपॉझिटला ठेवायला सांगितलेत. तुम्हीही तेच करा.