इन्कम टॅक्स रिटर्न स्वतः भरायचं की सीएकडे द्यायचं?

मी बँकेतून निवृत्त, त्यामुळे जुलै लागला की सोसायटीतले लोक फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) घेऊन माझ्याकडे येतात. नुसता पगार किंवा पेन्शन, थोडं व्याज, एकूण ५० लाखांच्या आत? मग आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म स्वतःच भरा. आधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाची वार्षिक नोंद, उघडून एफडीचं व्याज ताडून पाहा. टीडीएस (व्याज देतानाच बँकेने कापलेला कर) कापला म्हणजे कर संपला असं नाही. बँक १० टक्के कापते, तुमचा स्लॅब ३० चा असू शकतो.

एफ अँड ओ (शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) केलंय, फ्लॅट विकलाय? तिथे सीएच हवा, फीसाठी कुरकुरू नका. ‘रिफंड वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला मात्र दारातूनच वाटेला लावा. खोट्या वजावटीची नोटीस तुमच्याच नावाने येते.

भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने रिटर्न ई-व्हेरिफाय करा, म्हणजे त्याची ऑनलाइन पडताळणी करा.