मोटर बिघडलेली जुनी बोट घ्यायची का?

बोट स्वस्तात मिळतेय आणि मालक म्हणतोय की आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या मोटरला, फक्त छोटंसं काम आहे, तर आधी मोटरची किंमत शून्य धरा आणि नुसत्या बोटीला एवढे पैसे दिले असते का ते बघा. मोटर नंतर बदलता येते हो, पण मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, जिथे मोटर लटकते, ती आतून कुजली असेल तर खर्च कुठच्या कुठे जातो. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, बद्द आवाज आला की सावध व्हा.

मग मोटर. स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे मोटरच्या वरचं जड चाक, हाताने फिरवा, जाम असेल तर आत मोठं काम आहे. फिरत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजायची तपासणी, कराच, आकडा किती यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांत आहेत का हे महत्त्वाचं, एखादा फारच खाली असेल तर दुरुस्ती महागात जाते. खालच्या गिअरकेसचा, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याचा, तेलाचा स्क्रू जरा सैल करून तेल बघा, दुधासारखं पांढरट दिसलं म्हणजे सील गेलंय आणि पाणी शिरलंय. कार्बोरेटर तुंबलाय किंवा इम्पेलर, म्हणजे मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, गेलाय एवढंच असेल तर घाबरू नका, ते दुरुस्त होतं. आणि पार्ट मिळतात का ते मॉडेल नंबर घेऊन पैसे द्यायच्या आधीच विचारा.