जुन्या पासबुकातील खात्याचा शोध कसा घ्यावा

पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांचा पुनर्विकास होताना कपाटांतून आई-वडिलांची पासबुके हमखास निघतात. ती रद्दीत देऊ नयेत. पितळी टोकन हातात घेऊन रोखपालाच्या खिडकीशी थांबावे लागे आणि कारकून लेजरमधील नोंद हाताने पासबुकात उतरवत असे, त्या काळातील खात्यावरचा हक्कही केवळ वर्षे उलटली म्हणून संपत नाही. बदललेले असतात ते बहुधा बँकेचे नाव, शाखेचा पत्ता आणि संगणकीकरणानंतर लांबलेला खाते क्रमांक.

म्हणून ती बँक आज कोणत्या नावाने चालते, हे प्रथम पाहावे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत, देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये, तर सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. पुण्यातच १९३५ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचे नाव मात्र तेच आहे. परवाना रद्द झालेल्या सहकारी बँकेबाबत चौकशी अवसायकाकडे, म्हणजे बंद बँकेचे व्यवहार गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, करावी लागते.

दोन वर्षे व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तरीही ती परत मागता येते, आणि मागणी आपल्या बँकेकडेच करायची असते. अशा ठेवींच्या शोधासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. मोबाईल क्रमांकाने नोंदणी करून खातेदाराचे नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखा एखादा तपशील तेथे भरावा. जुन्या खात्यांना पॅन जोडलेला नसण्याची शक्यता मोठी असल्याने जन्मतारखेने व पत्त्यानेही शोधावे. नावाबाबत विशेष चिकाटी ठेवावी: आडनाव आधी आणि नंतर, वडिलांचे किंवा पतीचे नाव धरून व वगळून, इंग्रजी स्पेलिंग बदलून, आणि आईच्या खात्यासाठी माहेरच्या नावानेही पाहावे. माझ्या मते शोध फसण्याचे मोठे कारण येथेच असते. टपाल खात्यातील बचत या संकेतस्थळावर येत नाही. तिची चौकशी टपाल कार्यालयातच करावी.

खातेदार हयात असल्यास अर्ज, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र देऊन केवायसी पूर्ण करावे. खाते पुन्हा सुरू करण्यास बँकेला शुल्क घेता येत नाही. खातेदार हयात नसल्यास मृत्यूचा दाखला लागतो. नामनिर्देशन असेल तर बँक त्या व्यक्तीला रक्कम देते, मात्र तिने ती कायदेशीर वारसांच्या वतीने स्वीकारलेली असते, हे कुटुंबात आधीच स्पष्ट केलेले बरे. नामनिर्देशन नसल्यास बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे दुसऱ्याचा हक्क निघाल्यास बँकेचे नुकसान भरून देण्याची लेखी हमी) व इतर वारसांचे ना-हरकत पत्र पुरते. त्यापुढे न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र लागू शकते. अर्जाची पोच अवश्य घ्यावी.

“तुमची जुनी ठेव मिळवून देतो” असे सांगणाऱ्या अनोळखी फोनला ओटीपी किंवा आगाऊ पैसे कदापि देऊ नयेत. फसवणूक झाल्यास ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

रक्कम सध्या वापरात असलेल्या खात्यात आल्यावर तेथील नामनिर्देशन त्याच भेटीत तपासून घ्यावे. नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात.