वादळापूर्वीची शेवटची भरती: लहान होड्यांच्या मालकांसाठी पूर्वतयारी

चक्रीवादळ किनाऱ्याला कधी धडकणार, हे सगळेच विचारतात. कोकण किनाऱ्यावरील लहान होडीच्या मालकाने मात्र आधी हे पाहावे, की त्यापूर्वी आपल्या खाडीत दिवसाउजेडी मिळणारी शेवटची भरती कोणती आहे. आपल्याकडच्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी गाळ आणि वाळू साचलेली असल्यामुळे ओहोटीला लहान होडीसुद्धा आत नेणे अवघड जाते, आणि अंधारात, वारा उठलेला असताना, इतर पन्नास होड्यांच्या गर्दीत ते काम करणे धोक्याचे असते. त्यामुळे तयारीचे वेळापत्रक वादळाच्या घड्याळाने आखू नये. ते भरतीच्या घड्याळाने आखावे.

२०२० सालच्या निसर्ग वादळाचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १ जूनच्या सकाळी अरबी समुद्रात त्याचे डिप्रेशन, म्हणजे वादळाची पहिली पायरी, तयार झाले, २ जूनच्या दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले. चक्रीवादळ म्हणून घोषित होईपर्यंत जो थांबला, त्याच्या हातात दोनच भरत्या उरल्या होत्या: एक रात्रीची आणि दुसरी प्रत्यक्ष वादळाच्या सकाळची. दोन्ही निरुपयोगी. म्हणून वादळाच्या नावाची वाट न पाहता, डिप्रेशनची पहिली बातमी येताच होडी हलवण्याचा निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वादळ दिशा बदलून दुसरीकडे गेले तर एक-दोन दिवसांची मासेमारी बुडेल आणि थोडे डिझेल वाया जाईल. होडी गेली तर उपजीविकाच जाते.

भरतीची वेळ काढण्यासाठी छापील कोष्टक किंवा मोबाइल उपलब्ध असला, तरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असावा. त्या दिवसाच्या तिथीला पाऊण पटीने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. खाडीत आत जावे तसतशी ती थोडी उशिरा येते, आणि दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. याच तिथीवरून दुसरीही एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती असते, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती असते. निसर्ग वादळ पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आले, तर २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते पंचमीच्या सुमारास, म्हणजे भांगाकडे झुकलेल्या पाण्यात, आपल्या किनाऱ्यावरून पुढे सरकले. ऑक्टोबर २०१९ मधील क्यार वादळ तर कोकणात किनाऱ्यावर आलेच नाही. ते दूर समुद्रातून ओमानच्या दिशेने गेले, परंतु दिवाळीच्या अमावास्येचे उधाण आणि त्याच्या लाटा एकत्र आल्याने किनाऱ्यावरील सखल भागांत पाणी शिरले. वादळ किती दूर आहे यासोबत त्या दिवशी तिथी कोणती आहे, हे म्हणूनच पाहावे लागते.

हवामान खात्याचे पत्रक कसे वाचावे

भारतीय हवामान खाते वाऱ्याच्या वेगावरून वादळाची पायरी ठरवते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असल्यास डिप्रेशन, ५० ते ६१ असल्यास डीप डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र आणि ११८ पासून अतितीव्र चक्रीवादळ. नाव मिळते ते ६२ च्या पायरीवर. मच्छीमारांसाठीचा इशारा मात्र साधारण ताशी ४५ किलोमीटर वाऱ्यापासूनच दिला जातो, आणि लहान होडीसाठी तीच मर्यादा खरी मानावी. पत्रकात “ताशी ६० ते ७०, झोत ८०” असे लिहिलेले असेल (झोत म्हणजे मध्येच येणारा जोराचा झोका), तर दोर आणि नांगर निवडताना ८० हाच आकडा धरावा, कारण होडीवर वाऱ्याचा जो जोर बसतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

पत्रकासोबतच्या नकाशावर वादळाचा अपेक्षित मार्ग आणि त्याभोवती रुंदावत जाणारा पट्टा दाखवलेला असतो. आपले गाव मधल्या रेषेपासून दूर आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. आपण त्या पट्ट्यात आहोत की नाही हे पाहावे, आणि केंद्र बाहेर राहिले तरी वारा व पाऊस दूरवर पसरतो हे लक्षात घ्यावे. बंदरावर लावल्या जाणाऱ्या बावट्यांपैकी तीन नंबरचा बावटा आपल्याला पावसाळ्यात सवयीचा झालेला असतो आणि त्यामुळेच त्याकडे दुर्लक्ष होते. मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो दिसला, तर त्याचे कारण बंदर अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारावे. आठ, नऊ आणि दहा हे मोठ्या धोक्याचे बावटे आहेत. ते लागेपर्यंत आपले सगळे काम आटोपलेले असले पाहिजे. लाटांच्या उंचीचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते, तोही सोबत पाहावा.

पत्रक दिल्ली-मुंबईहून येते, पण आपल्या खाडीचे निरीक्षण आपणच करू शकतो. हवा स्वच्छ आणि वारा पडलेला असतानाही लांब, संथ, जड लाटा येऊ लागल्या आणि दोन लाटांमधील अंतर बारा सेकंदांच्या वर गेले, तर दूरवर मोठे वादळ आहे असे समजावे. हवेचा दाब पाहणाऱ्याने एक काळजी घ्यावी. आपल्या भागात दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर असतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास खाली येतो, त्यामुळे सकाळच्या आकड्याची दुपारच्या आकड्याशी तुलना करून घाबरू नये. आज चारला जो आकडा आहे तो काल चारच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक तीन मिलिबारहून अधिक असेल तर तो गंभीर मानावा. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास वादळाचे केंद्र आपल्या उजव्या हाताला, किंचित मागच्या बाजूला असते. वाऱ्याची दिशा न बदलता जोर वाढतच राहिला, तर वादळ बहुधा आपल्याच दिशेने येत आहे.

होडी कोठे न्यावी

वादळ समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत असेल, तर किनाऱ्यावर वारा आधी पूर्वेकडून, मग आग्नेयेकडून, नंतर दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून वाहतो. ते आपल्या उत्तरेला किनारा ओलांडत असेल, तर शेवटचा नैऋत्य आणि पश्चिम वारा समुद्राचे पाणी थेट खाडीत ढकलतो. त्यामुळे सकाळी पूर्वेच्या वाऱ्यात सुरक्षित वाटणारी जागा संध्याकाळी सर्वांत वाईट ठरू शकते. दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून डोंगराचा किंवा खाडीच्या वळणाचा आडोसा असलेली, तळाला चिखल असलेली जागा निवडावी. कांदळवनाजवळची जागा उत्तम.

जी होडी माणसांना ओढून वर घेता येते ती पाण्यात ठेवूच नये. उधाणाच्या रेषेच्या पुष्कळ वर, सुरूच्या झाडांपासून दूर न्यावी, कारण वाळूत उभे असलेले सुरू वादळात सहज उन्मळून पडते. नारळाच्या वाडीत ठेवतानाही झाडाच्या पडण्याचा आवाका सोडून ठेवावी. फायबरची होडी हलकी असल्याने वाऱ्याने उलटी होऊन उडते. तिच्यात वाळूच्या गोण्या ठेवाव्यात, तळाला नीट टेकण द्यावे आणि चारही बाजूंनी जमिनीत खोल गाडलेल्या खुंटांना बांधावी.

पाण्यातच ठेवावी लागणारी होडी जेटीला घट्ट बांधून ठेवणे, ही सर्रास दिसणारी आणि सर्वांत महागात पडणारी पद्धत आहे. पाणी नेहमीपेक्षा एक मीटर चढले की आखूड दोर एक तर तुटतो किंवा होडीची खुंटी उपटून काढतो, आणि मग होडी धक्क्यावर आपटत राहते. मोकळ्या पाण्यात दोन नांगरांवर ठेवणे अधिक बरे. दोन्ही नांगर नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, एकमेकांपासून फाकवून टाकावेत. दोराची लांबी ठरवताना भरतीच्या वेळची पाण्याची खोली, त्यावर चढणारे वादळाचे पाणी आणि पाण्यापासून नाळेची उंची यांची बेरीज करून तिला सातने गुणावे. तीन मीटर भरती, एक मीटर वादळाचे पाणी आणि एक मीटर नाळ धरली, तर पस्तीस मीटर दोर लागतो. एवढा दोर सोडायला जागा नसेल, तर तेथे शेजारची होडीही असणार. दोघांनी बसून अंतर ठरवावे, कारण वादळात बहुतेक होड्या शेजारच्या होडीवर आदळून फुटतात.

नांगराला लागून काही मीटर साखळी असावी. पुढे नायलॉनचा दोर उत्तम, कारण तो ताणतो आणि हिसका झेलतो. उन्हात कडक झालेला पॉलिप्रॉपिलीनचा दोर हिसक्याला दगा देतो. दोर जेथे होडीच्या काठावरून वाकतो तेथेच तो तुटतो. वादळानंतर सापडलेले असे टोक हातात घेऊन पाहावे: बाहेरचे धागे पिंजून पांढरे झालेले असतात, पण मधले धागे वितळून काचेसारख्या कडक गाठी झालेल्या दिसतात, कारण सतत ताणल्या जाणाऱ्या नायलॉनमध्ये आतूनच उष्णता निर्माण होते. म्हणून त्या जागी बंद प्लास्टिकची नळी चढवण्याऐवजी जाड गोणपाट किंवा जुने कॅनव्हास गुंडाळून सुतळीने बांधावे. त्यातून पावसाचे पाणी झिरपते आणि दोर थंड राहतो.

यानंतर होडी रिकामी करावी. जाळी, बोये, छप्पर, ताडपत्री, झेंड्याच्या काठ्या, बर्फाच्या पेट्या, जे काही वाऱ्याला अडवते किंवा उडू शकते, ते सर्व घरी न्यावे. बाहेर लावलेले इंजिन काढून घ्यावे. आतले इंजिन असल्यास हवा घेण्याचे आणि धूर सोडण्याचे तोंड लाकडी बुच किंवा कापडाने बंद करावे, डिझेलची टाकी झाकण घट्ट लावून बंद करावी, आणि बॅटरी पंपासाठी ठेवायची असेल तर ती बांधून ठेवावी. नोंदणी, परवाना आणि विम्याची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घरी असावीत. होडीचे, तिच्या क्रमांकाचे, इंजिनाचे आणि बांधलेल्या दोरांचे फोटो निघण्यापूर्वीच काढावेत.

होडीवर कोणीही राहू नये

तौक्तेच्या वेळी देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौकांवर थांबलेल्या खलाशांना प्राण गमवावे लागले. होडी राखण्यासाठी माणूस ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि खलाशी मालकाला नाही म्हणू शकत नाही. म्हणूनच हा निर्णय मालकाने स्वतः घ्यायचा असतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात होडीवर असलेला माणूस एकही दोर नव्याने बांधू शकत नाही. तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) आणि खलाशी परगावचे असतील तर त्यांना पक्क्या घरात जागा देणे, त्यांच्या घरी फोन करून कळवणे आणि जेवणाची सोय करणे, ही मालकाची जबाबदारी आहे. समुद्रात कोणी अडकले असल्यास तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. समुद्रातल्या होडीने व्हीएचएफ या बिनतारी संचाच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर हाक द्यावी. वारा एकाएकी थांबला आणि आकाश उजळले, तर वादळाचा डोळा डोक्यावर असण्याची शक्यता असते. त्या शांततेत दोर पाहायला धक्क्यावर धावू नये. थोड्या वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

वादळ ओसरल्यावर आधी तुटलेल्या विजेच्या तारांकडे पाहावे, मगच पाण्यात उतरावे. इंजिनात पाणी गेले असल्यास ते सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा: तेल काढून टाकावे, गोड्या पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी मिस्त्रीला दाखवावे, कारण खारे पाणी आत राहिलेले इंजिन पाहता पाहता गंजते. नुकसान झालेली होडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावेत, मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयात आणि तलाठ्याकडे लेखी कळवावे, पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि जाळी, इंजिन व होडी यांच्या नोंदी वेगवेगळ्या केल्या आहेत ना, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.