जेवणाआधीचं धुणं-पुसणं संपत नसेल तर

ताट विसळलं, मग वाटी, मग पुन्हा ताट. तोवर आमटी गार. ठाण्यात काय नि ऐरोलीत काय, घरातला पहिला शेरा ठरलेला: "सोवळ्याचं वेड लागलंय." पण सोवळ्याला शेवट असतो, पूजा आटोपली की ते सुटतं. मंत्रचळात, म्हणजे ओसीडी या मानसिक आजारात, "झालं" असं आतून वाटतच नाही. म्हणून हात पुन्हा नळाखाली जातात.

सगळ्यात आधी न जेवण्याचं कारण शोधा. जेवणाची वेळ टाळून, शांतपणे विचारा: "ताट स्वच्छ असल्याची पक्की खात्री असती, तर पोटभर जेवशील का?" उत्तर "हो" आलं तर रोख ओसीडीकडे. तरीही पोळी अर्धीच, भात बाजूला, दिवसातून अनेकदा वजनकाटा, जेवण होताच बाथरूम असं दिसलं तर खाण्याच्या विकाराची शंका घ्या. दोन्ही एकत्रही असतात, आणि एका प्रश्नावर निदान होत नाही. पण हा फरक कळलाच पाहिजे, कारण घरच्यांचं काम इथे उलटं होतं. ओसीडीत मदतीचा हात हळूहळू आवरायचा. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजनाच्या धास्तीने जेवण तोडण्याच्या विकारात, मोठ्यांनी वाढायचं, समोर बसायचं, घास पुरा होईतो उठायचं नाही. जेवण चुकवणं हा कुठल्याच उपचाराचा भाग नाही.

वजन भराभर उतरतंय, चक्कर येते, उलट्या काढल्या जातात किंवा पाळी थांबली आहे, तर बाकी सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. नाडी, रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी बघून घ्या. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. अंगाने बरा दिसणारा माणूसही यात धोक्यात असू शकतो.

हे नसेल तर आठवडाभर वहीत नोंद ठेवा. एक ओळ अशी: "रात्री 8:40. स्टीलचं ताट. भांड्यांची पावडर राहिली असेल. चारदा विसळलं. 14 मिनिटं. त्रास 100 पैकी 60. आईने वास घेऊन सांगितलं, काही राहिलं नाही." शेवटचं वाक्य बहुतेक घरांत लिहायचंच राहून जातं, आणि आजार नेमका तिथेच पोसला जातो. आईच्या उत्तराने जीव लगेच शांत होतो, म्हणूनच उद्या तोच प्रश्न पुन्हा येतो. किती वेळा धुतलं एवढंच मोजू नका. ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या वाय-बॉक्स या मोजपट्टीत 40 पैकी गुण असतात, आणि त्यात वेळ, त्रास, कामात येणारा अडथळा, विरोध आणि ताबा हे सगळं विचारतात. मिनिटं लिहिलेली असली की तिथे उपयोगी पडतात.

उपचाराचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन: भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. पायऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबरोबर बसून ठरवा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बिनसंकोच विचारा. नमुना असा (आधीचा आकडा म्हणजे 100 पैकी त्रास):

35 – ताट एकदाच धुऊन जेवायचं.
50 – दुसऱ्याने धुतलेलं ताट, न तपासता.
65 – टीएमटी बसचा दांडा धरून आल्यावर साबणाने 20 सेकंद, एकदाच हात धुऊन केळं खायचं.
80 – ठाणे-वाशी लोकलने येऊन त्याच कपड्यांत जेवायचं.

आकडे ज्याचा त्रास त्यानेच द्यायचे. सुरुवात 30-40 च्या पायरीने, तीच पायरी रोज. आधी लिहा, "काय होईल असं वाटतं?" नंतर लिहा, काय झालं. त्रास शून्यावर यायलाच हवा असं नाही. तो असतानाही जेवता येतं, हे अंगवळणी पडणं महत्त्वाचं.

बिघडतं ते बहुधा चोरवाटांनी. नळ टाळला पण खिशात सॅनिटायझर आहे, ताट टिशूने पुसलं, मनात आकडे मोजले, किंवा "तू बघितलंस ना?" असं नजरेने विचारलं. यातलं काहीही झालं तर पायरी झाली असं धरू नका. दुसरी चूक घरच्यांची: न सांगता अस्वच्छ हात लावून "बघ, काही झालं नाही" म्हणणं. त्याने विश्वास तुटतो, आणि तो गेला की उपचार अडतात.

खात्री मागितली जाईल तेव्हा घरातल्या सगळ्यांचं एकच वाक्य हवं: "हा प्रश्न मंत्रचळाचा आहे. उत्तर देणार नाही, पण सोबत बसते." आजी वेगळं बोलली, बाबा कुरकुरत का होईना ताट धुऊन देतात, तर आठवड्याची मेहनत पाण्यात. म्हणून हे वाक्य आधी ठरवा आणि रुग्णालाही सांगून ठेवा.

गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून बंद करू नका. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पहिल्या भेटीला ती वही बरोबर न्या, आईच्या उत्तराच्या ओळीसकट.